हिची झुकिनी आणि माझं ‘छान’

डोळे तपासायच्या खुर्चीत बसून खोटं बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. “आधीची काच बरी की ही?” असं विचारलं की निम्मी गिऱ्हाईकं म्हणतात, “दोन्ही छान.” अरे, दोन्ही छान कसं असेल? मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही जन्मभर धूसर बघणार का? चष्म्याच्या दुकानात बसून मी चौतीस वर्षं हेच भांडण भांडतोय.

घरी मात्र मी वेगळा माणूस. आमची ही, म्हणजे बायको, बस दुरुस्तीच्या कारखान्यातल्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण. रोज दोनशे माणसं तिच्या हातचं जेवतात. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी मला एकच उपदेश केला होता, ताटातल्याला नावं ठेवायची नाहीत. तो मी तंतोतंत पाळला. समोर येईल ते खायचं आणि “छान” म्हणायचं, की घरात शांतता.

यंदा हिने मागच्या अंगणात झुकिनीची आठ झाडं लावली. दोन माणसांना एक झाड पुरतं, हे बी विकणाऱ्यानेसुद्धा सांगितलं होतं. काकडीसारखी दिसणारी ही परदेशी फळभाजी मोठी लबाड असते. आज पानाखाली बोटाएवढी दिसते, दोन दिवस विसरलात की मनगटाएवढी होते, आणि आठवड्याने तिला उचलायला दोन हात लागतात. मग सूप, कटलेट, लोणचं, पाव, केक. किसायची, मीठ लावून ठेवायची, फडक्यात घट्ट पिळायची. फडकी सगळी हिरवी झाली. ही घरोघर डबे पाठवायची आणि रिकामा डबा आणायला स्वतः जायची. दारात उभं राहून विचारायची, “कसं झालं होतं? मीठ बेताचं होतं ना?” शेजारची शिंपीण “छान” म्हणायची. टपालवाला “फारच छान” म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पत्रं फाटकातूनच आत भिरकावून पसार व्हायचा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गल्लीची अवस्था झाली होती.

“अगं, पुरे आता,” मी एकदा म्हणालो. “स्वप्नातही हिरवं दिसायला लागलंय.”

“रंगाचं राहू द्या. चव कशी आहे?”

“छान आहे.”

ती माझ्यापुढची बशी उचलून आत गेली.

मग एका रविवारी दुपारी हिने झुकिनीचा केक केला. वरून तांबूस, कापल्यावर आत हिरवे धागे. तोंडात भिजलेला पुठ्ठा फिरतोय असं वाटत होतं, पण मी कपाळावर आठी येऊ दिली नाही. दोन तुकडे संपवले. “वा! छान झालाय.”

ही मटकन खुर्चीत बसली. “त्यात साखर घातलीच नव्हती,” ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करतेय.

“मुद्दाम नाही घातली. परवाच्या कटलेटमध्ये दुप्पट मीठ होतं. तेही तुम्ही छान म्हणून खाल्लंत. शिंपीणबाईंनीही खाल्लं. अहो, मी विचारायचं तरी कुणाला?”

हिवाळ्यात तिला आठ दिवस ताप होता. एवढंच मला माहीत होतं; आता तिने सांगितलं, तो गेला तो तिची वासाची आणि चवीची जाणीव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित येणारही नाही. तेव्हापासून पाच महिने ती वजनकाट्यावर आणि कानांवर स्वयंपाक करत होती. कांदा परतत आला की कढईचा आवाज बदलतो, तो ऐकायचा आणि आच कमी करायची. पण गेल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये तिने नासलेलं दूध सूपच्या पातेल्यात ओतायला घेतलं. हाताखालच्या बाईने मनगट धरलं म्हणून निभावलं.

“झुकिनीला स्वतःची अशी चव नसते,” ती म्हणाली. “आपण घालू तीच लागते, त्यामुळे चूक लपत नाही. म्हटलं, हिच्यावर माणसं पारखू. एक तरी खरी जीभ सापडली तर माझं काम टिकेल. नाहीतर उद्या जाऊन सांगते, मला जमत नाही म्हणून.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही आणखी गोड बोलला असतात.”

मला माझी लाज वाटली. ही पाच महिने चाचपडत होती आणि मी समोर बसून ‘छान’ म्हणत होतो.

तिने झुकिनीच्या सूपची वाटी पुढे केली. मी एक घोट घेतला. ओठांवर आलेलं ‘छान’ गिळलं.

“मीठ कमी आहे,” मी म्हणालो. “आणि पीठ कच्चं लागतंय.”

बोललो आणि तिच्याकडे बघायची हिंमत होईना. ती मात्र उठली, पातेलं पुन्हा आचेवर ठेवलं, चिमूटभर मीठ टाकलं. “आधीचं बरं की हे?”

“हे बरं. पण अजून जरा हवं.”

तीन वाट्यांनंतर सूप जमलं. माझं दुकान अकराला उघडतं. रोज साडेदहाला कॅन्टीनमध्ये जाऊन प्रत्येक पातेलं चाखायचं, असं ठरलं.

भांडी घासताना ती पाठमोरीच म्हणाली, “इतकी वर्षं छान म्हणत आलात. त्यातलं खरं किती होतं? आता मला चाखून बघता येणार नाही, म्हणून विचारते.”

सगळंच खरं होतं म्हणालो असतो, तर तिने त्यातल्या कशावरच विश्वास ठेवला नसता.

“बरंचसं खरं होतं,” मी म्हणालो. “पण मी दुकान सुरू केलं त्या दिवशीचं कस्टर्ड करपलं होतं. तू वरून दालचिनी भुरभुरून लपवलंस.”

“दालचिनी नव्हती. जायफळ.” ती गर्रकन वळली. हात साबणाने भरलेले. तिने डोळे मिटले. “जायफळ, आणि खाली लागलेलं दूध. कितीही पाणी प्यायलं तरी तो कडवटपणा जाईना.” तिने ओठांवरून हळूच जीभ फिरवली. “अहो, आठवणीतलं का होईना, मला लागतंय ते.”

माझे डोळे भरून आले. तिने ओले हात तसेच पदराला पुसले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

“अजून एक सांगा,” ती म्हणाली. “चांगलं नको. चुकलेलं सांगा.”

मी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या आमलेटपासून सुरुवात केली.