नदीकाठचं वरचं गाव

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जातो. इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस मी. मोजता येईल तेवढंच खरं मानतो. तरीही हे लिहितोय... कारण हे माझ्याच घरात घडलं.

आम्ही कतारला, दुखानच्या कंपनी टाउनशिपमध्ये राहतो. मागच्या हिवाळ्यात पोलादपूरहून आई आली होती. शेजारच्या हेलनकडेही तिचे वडील इंग्लंडहून येऊन राहिले होते — खूप थकलेले, घरात फारसं न बोलणारे. दुपार कलताना असरची अजान झाली की दोघं आमच्या दारासमोरच्या बाकावर बसत. आईला मराठीखेरीज काही येत नाही, आजोबांना इंग्रजीखेरीज. ते हळूहळू बोलत, आई मान हलवी. आम्हाला गंमत वाटायची.

एकदा जेवताना आई म्हणाली, त्यांचं गावही आपल्यासारखंच नदीच्या खोऱ्यात आहे. नदीला धरून चार गावं. खालच्या तीन गावांत वस्ती आहे, वरचं ओस पडलंय. तिथे पूर्वी पाण्यावर चालणारी लोकरीची गिरणी होती. ती बंद पडली तशी माणसं खाली उतरली. आता दगडी चर्च, कबरी आणि चरणारी मेंढरं, एवढंच.

मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणे, त्यांनीच सांगितलं. हेलनने मोबाईलवर फोटो दाखवले असतील, असं मी धरून चाललो... विषय खलास.

थंडी ओसरता ओसरता आजोबा झोपेतच गेले. हेलन त्यांना विमानाने मायदेशी नेणार होती. शहरातल्या दफनभूमीत, तिच्या आईशेजारी जागा ठरली होती. हे कळल्यावर आई बेचैन झाली.

"त्यांना वरच्या गावात ठेवायला सांग," ती म्हणाली. "तिथे त्यांची बहीण आहे, एलशी. लहानपणी गिरणीच्या बंधाऱ्यात बुडाली. माझ्या हातातून तिचा हात सुटला, म्हणायचे."

दुःखाच्या घरात असलं कसं सांगायचं? मी टाळत राहिलो. शेवटी आई स्वतःच चपला घालून निघाली, तेव्हा मला जावं लागलं. हेलनने शांतपणे ऐकून घेतलं. वडील एकुलते एक होते, म्हणाली. आणि वरच्या गावाविषयी ते तिच्याशी कधी चकार शब्द बोलले नव्हते. फोटोबिटो तर नव्हतेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही दिवसांनी तिकडून तिचा फोन आला. दफनाआधी ती एकटीच खोऱ्यात वर जाऊन आली होती. चर्चमागे गुडघाभर गवत होतं.

"गवत बाजूला केलं, तर छोटासा दगड," ती म्हणाली. "एल्सी. आडनाव आमचंच."

वडिलांना तिने तिथेच, बहिणीशेजारी ठेवलं.

मी खूप डोकं चालवलं. पोटच्या मुलीला जे आयुष्यभर सांगितलं नाही, ते आईला कळलं कसं? बाकाजवळून जाताना आजोबांचं बोलणं मी अनेकदा स्वतःच्या कानांनी ऐकलंय — इंग्रजीच होतं ते. आईला विचारलं, ते तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलायचे? तिला माझा प्रश्नच कळेना.

"मराठीतच बोलायचे ना ते," ती म्हणाली.