सीझर ‘जातो’ म्हणाला

सकाळी लेकीच्या शाळेतल्या नाटकासाठी पांढरी चादर इस्त्री करत होते. गरम सुताच्या वासानं कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीचा गणपती आठवला. तिथल्या नाटकात बाबा रोमचा सीझर झाले होते, अंगावर घरचीच चादर. भविष्यातून यंत्रात बसून आलेले शेजारचे पटेलकाका विनवत होते, “आज सभेत जाऊ नका, तिथं सुरे आहेत.”

बाबा ऐटीत म्हणाले, “जातो मी.”

पहिल्या रांगेतून आई कळवळून बोलली, “अहो, येतो म्हणा.” सगळा मांडव हसला. मीही.

पुढच्याच आठवड्यात गोरव्यातल्या कारखान्यात कामाला निघताना बाबांनी दारात तीच ऐट केली. “जातो मी.” दुपारी बॉयलर फुटला.

लेकीनं चादर खांद्यावर टाकली, चपला घातल्या. “आई, जाते गं.”

मी तिचा हात धरला. तो सोडवेना.