ताराबाईंच्या हातावरचे ठिपके

दवाखान्यातले केसपेपर फाईलला लागतात, टाके निघतात, पेशंट घरी जातात. किस्से मात्र कुठं जात नाहीत, ते सगळे माझ्याकडं जमा! नारायणगावात हायवेलगत आमच्या सरांचा छोटा दवाखाना आहे. तुटलेल्या नसा जोडायच्या, गेलेल्या कातडीच्या जागी दुसरीकडची आणून बसवायची, हे सरांचं काम. पेशंटला ओरडायचं, हे माझं. सर कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळं त्यांच्या वाटचंही मीच ओरडते. चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "सिस्टर, तो ठिपक्यांचा सांगा ना!" पण ठिपक्यांचा सांगायचा तर बबनभाऊंपासून सुरुवात करावी लागते.

*

बबनभाऊ डिंगोरे गावचे. पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करून देतात, म्हणजे आतली वायर नव्यानं गुंडाळतात. त्यांची बायको ताराबाई. वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा सरकला आणि ताराबाईंच्या उजव्या हातात घुसला, कोपराच्या चार बोटं खाली. कुठंतरी टाके घातले, जखम भरलीसुद्धा. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मेल्यासारखी झाली. काही महिने वाट बघून मग ही जोडी आमच्याकडं आली.

सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नस तुटलीय, मधला तुकडा खराब झालाय, पायाच्या पोटरीतून एक नस घेऊन तिथं जोडावी लागेल.

बबनभाऊ चित्राकडं बघून म्हणाले, "म्हंजी वायर तुटली, मधला पीस जळाला. दुसरी वायर टाकून दोन्हीकडं जॉइंट मारायचा. बराबर?"

"अगदी बरोबर!" सर खूश झाले.

"मग लाइट कवा येनार?"

"नस जोडापासून पुढं हळूहळू वाढत जाते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर."

बबनभाऊंनी खिशातला टेप काढला आणि तिथंच बायकोचा हात मापला. "आयला, म्हंजी वरीस गेलंच की राव! आन् पायाचं काय? तिथली वायर काढल्यावर तिथं अंधारच ना?"

"पावलाच्या कडेला थोडं बधिर राहील."

ताराबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "पायानं कुठं भाकरी थापायचीय मला? काढा."

*

ऑपरेशन छान झालं. दोन महिन्यांनी ताराबाई तपासायला आल्या, तर तीन बोटांवर टम्म फोड!

"हे काय?"

"भाकर उलटत व्हते."

"आणि कळलं नाही?"

"कळलं की. वास आला ना."

"कसला वास?"

"माझाच."

मी भडकलेच. बधिर हातानं चुलीजवळ जायचं नाही, बघून काम करायचं, चिमटा वापरायचा, किती वेळा सांगितलं! ताराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "सिस्टर, आता आत्यांनी, म्हंजी सासूबाईंनी, मला चुलीजवळ बसायचीच बंदी केलीय. त्या थापत्यात आन् मी नुसती ताटं मांडते. पोरीच्या कपाळाला हात लावला तर ताप हाय का न्हाई, त्ये बी कळत न्हाई. डावा हात लावावा लागतोय. माझाच हात, आन् मला काय सांगत न्हाई."

त्या दिवशी माझं ओरडणं अर्ध्यावर राहिलं. मी ड्रेसिंग करायला घेतलं.

*

आता मध्ये कांतिशेठ. जुन्नरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. मोटरसायकल घसरली आणि हाताच्या पाठीवरची कातडी पार निघून गेली. सरांनी तो हात तीन आठवडे पोटाच्या खालच्या भागाला, जांघेजवळ शिवून ठेवला. तिथली कातडी हाताला धरली, की मग हात सोडवायचा. तीन आठवडे कांतिशेठचा हात खिशात घातल्यासारखा! भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "शेठ, आता तरी खिसा सोडा!"

हात सुटला, बरा झाला. पण ती कातडी पोटाकडची ना! शेठ घरी बसून खाऊन सुटले, तसं पोट वाढलं आणि पोटाबरोबर हाताची पाठही फुगली. सर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर आतली चरबी काढायला पुन्हा छोटं ऑपरेशन करू." ऑपरेशनची तारीखही ठरली.

मध्ये पर्युषण आलं. शेठनी आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर उपास केला आणि पुढंही खाण्यावर ताबा ठेवला. ऑपरेशनच्या तारखेला आले, तर हात बारीक! सरांनी ऑपरेशन रद्द केलं.

शेठाणी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "वीस वर्षं सांगतेय, पोट कमी करा. माझं नाही ऐकलं, हाताचं ऐकलं!"

*

हां, तर ठिपके. नस कुठवर पोचली, हे बघायची आमची साधी पद्धत आहे. हातावर बोटानं टिचक्या मारत पुढं जायचं. जिथं मारल्यावर बधिर बोटांत झिणझिण्या येतात, तिथवर नस आली. मी तिथं पेनानं ठिपका काढते आणि सर येऊन अंतर मोजतात. एकदा ताराबाईंच्या हातावर ठिपका काढला आणि सवयीनं म्हणून गेले, "सर बघेपर्यंत पुसू नका हं." त्या दिवशी सर नेमके बाहेरगावी होते.

महिन्यानं ताराबाई आल्या. ठिपका जागेवर. हिरवा. गोंदलेला!

"अहो, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनला, सर बघंपर्यंत पुसायचा न्हाई. महिनाभर आंघोळ कशी टाळू? बाजारात गोंदनवाली बसती, तिच्याकडनं पक्का करून घेतला."

मी सुईवरून, इन्फेक्शनवरून जे सुरू झाले, ते थांबेचना. सरांनी मात्र पट्टी घेतली, गोंदणापासून नव्या झिणझिण्यांपर्यंत मापलं आणि म्हणाले, "तीन सेंटिमीटर. वा!"

मी पुन्हा गोंदायचं नाही म्हणून दम दिला. पुढच्या महिन्यात दुसरा ठिपका हजर!

"एकल्यालाच कसं ठेवायचं त्याला?" ताराबाई म्हणाल्या.

असं करत कोपराखालून मनगटापर्यंत सहा ठिपके झाले.

*

आणि मनगटाला गाडी थांबली. एक महिना, दोन महिने, झिणझिण्या तिथंच. सर टिचकी मारायचे, मापायचे आणि हात हळूच खाली ठेवायचे. शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं, अजून दोन महिने बघू, कधीकधी मनगटात वेळ लागतो. नाहीच सरकली, तर पुन्हा उघडावं लागेल, आणि तरीही खात्री नाही.

"जॉइंट लूज पडला का वो?" बबनभाऊंनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज मोटारीबद्दल बोलल्यासारखा नव्हता.

पुढं एकदा झिणझिण्या तळहातात उतरल्यासारख्या वाटल्या, म्हणून मी तांदळाचा डबा काढला. त्यात किल्ली, बटण, बोल्ट, शेंगदाणा पुरून ठेवायचा. पेशंटनं डोळे मिटून चाचपायचं आणि ओळखायचं. ताराबाईंनी हात घातला.

"बोल्ट."

बरोबर!

"शेंगदाना."

बरोबर! मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. तेवढ्यात लक्षात आलं, मागं बबनभाऊ खोकतायत. बोल्टला एकदा, शेंगदाण्याला दोनदा!

"बबनभाऊ, बाहेर!"

ते गेले. ताराबाईंनी पुन्हा हात घातला. बराच वेळ चाचपत राहिल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "सिस्टर, किल्ली ऱ्हाऊ द्या. तांदूळ तरी तांदूळ हाय का, मला कळंना."

मी डब्याचं झाकण लावलं. बाहेर बबनभाऊ बाकावर मान खाली घालून बसले होते. त्यांना ओरडायचं मी विसरून गेले.

*

त्याला तीन-चार महिने झाले असतील. पुन्हा उघडायचं सरांनी तूर्त पुढं ढकललं होतं. सोमवारी सकाळी दवाखाना भरलेला, कांतिशेठ हात दाखवायला बसलेले. दारात मोटरसायकल थांबली. बबनभाऊ धावत आत आले, हातात पेढ्यांचा बॉक्स. दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत सुटले.

कांतिशेठनी विचारलं, "काय भाऊ, पोरगी पास झाली का?"

"न्हाई शेठ. मंडळींना भाजलं!"

शेठचा पेढा तोंडापाशीच थांबला.

मागून ताराबाई आल्या, बोट ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी फडकं सोडलं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक लालबुंद झालं होतं.

"परत तवा! अहो, तुम्हाला किती वेळा…"

"लई दुखतंय सिस्टर! तव्याला बोट लागलं आन् हात आपसूक मागं आला. मी न्हाई वढला. त्योच आला!"

आवाज ऐकून सर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी ते बोट बघितलं, ताराबाईंकडं बघितलं आणि बॉक्समधला एक पेढा उचलून तोंडात टाकला. मी घाईघाईनं मलमाची ट्यूब उघडली.

ताराबाईंनी हात मागं घेतला.

"थांबा की सिस्टर. जरा दुखू द्या."