भिंगबाईंचा लेखी जबाब

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? पायरीच उठून आपल्या दारात आली तर शहाण्याने काय करावं, हे त्याने कुठेच सांगून ठेवलेलं नाही. भिंगबाईंच्या दारात ती शनिवारी दुपारी आली, जाड खाकी पाकिटातून. वर पोचपावतीवर सही करायला बाईंनाच घरभर पेन शोधावं लागलं, कारण कोर्टाच्या माणसाचं संपलं होतं.

भिंग हे त्यांचं कारखान्यातलं नाव. कपबशांच्या त्या कारखान्यात बाई तपासणीच्या पट्ट्यावर बसत. डोक्यावर पांढरा झगझगीत दिवा, हातात लाल मेणाची पेन्सिल, आणि समोरून कपांची न संपणारी रांग. तडा दिसला, बुडबुडा दिसला, कान वाकडा दिसला की कपावर एक खूण करायची. खूणसुद्धा कसली, तर शाळेत मास्तर बरोबर उत्तरापुढे करतात तसली. फुली मारायला हात दोनदा उचलावा लागतो आणि पट्टा थांबत नाही, म्हणून तिथे पहिल्यापासून ही एकाच फटक्याची खूण. खूण झालेला कप पुढची बाई उचलून टोपलीत टाकते, बिनखुणेचा सरळ खोक्यात जातो. एकोणीस वर्षांत भिंगबाईंच्या हातून फुटका कप खोक्यात गेला, असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं.

पाकिटात नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज होता. नवरा औषधांची गाडी चालवायचा आणि आठ महिन्यांपूर्वी भांडून स्वतःच्या बहिणीकडे राहायला गेला होता. घटस्फोट हवाय म्हटल्यावर बाईंना रडू वगैरे आलं नाही. जायचं तर जा बाबा, दार उघडंच आहे, असंच त्यांच्या मनात आलं. पण अर्जात तेवीस कलमं होती, आणि एकविसावं असं होतं की मुलगी यापुढे बापाकडे राहावी. मुलगी अकरा वर्षांची. बाईंनी ते कलम उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसल्या.

उत्तर द्यायला तीस दिवस होते. बाई एका वकिलाकडे गेल्या. त्याने फीचा आकडा सांगितला तेव्हा त्या खुर्चीतून उठता उठताच त्याचे आभार मानत होत्या. मग कुणी म्हणालं, कोर्टात फुकट वकील मिळतो. मिळतो, पण तिथल्या यादीत नाव घातल्यावर बाईंची पाळी तीन महिन्यांनी येणार होती. तीस दिवसांत उत्तर द्या आणि वकील नव्वद दिवसांनी घ्या! हे गणित ज्याने मांडलं त्याला बाईंनी पट्ट्यावर एक दिवसही ठेवलं नसतं. शेवटी खिडकीवरच्या कारकुनाने वर न बघता एक छापील नमुना पुढे सरकवला. "वकील नसेल त्यांच्यासाठी. भरा आणि आणून द्या."

नमुना सोपा होता. डावीकडे कलमांचे आकडे, प्रत्येकापुढे एक चौकट. पुढच्या रविवारी मुलगी मैत्रिणीकडे गेल्यावर बाई टेबलापाशी बसल्या, अर्ज डावीकडे, नमुना उजवीकडे. कलम चार: पत्नीने पतीस घराबाहेर काढले. खोटं! बॅग त्याने स्वतः भरली, मोजे सापडत नाहीत म्हणून वर बाईंनाच हाक मारली होती. कलम सात: पत्नीने पतीच्या अंगावर कपाटाचे दार आपटले. अहो, बिजागरी तुटलेलं ते दार चार महिने ज्याच्या त्याच्या अंगावर येत होतं, आणि दुरुस्तीचं काम ह्याच गृहस्थाकडे होतं! कलम बारा: मुलगी उपाशी शाळेत जाते. इथे बाईंनी इतक्या जोरात खूण केली की कागद फाटता फाटता राहिला. पहिली तीन कलमं, म्हणजे लग्न झालं, एक मुलगी आहे आणि राहण्याचा पत्ता, ही तेवढी खरी होती. ती त्यांनी सोडून दिली. बाकीच्या वीसही कलमांवर खुणा. खाली "आणखी काही सांगायचे असल्यास" अशी दोन ओळींची जागा होती. तिथे बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं, "वरील सर्व मी शांतपणे, पूर्ण विचार करून भरले आहे." सही केली आणि सोमवारी पाळीला जाण्याआधी खिडकीवर देऊनही आल्या. कारकुनाने तीन शिक्के मारले, पण वाचलं एक अक्षर नाही. वाचणं बहुतेक दुसऱ्या खिडकीवर असावं.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. त्याने उत्तराची प्रत हातात घेतली, आधी हसला, मग एकदम हसायचा थांबला.

"ताई, हे वर काय लिहिलंय वाचलंस का?"

"अर्ज चार वेळा वाचलाय मी."

"अर्ज नाही गं. नमुना. 'कलम मान्य असल्यास चौकटीत खूण करावी.'"

बाईंनी कागद हिसकावून घेतला. चार वेळा अर्ज वाचणाऱ्या बाईंनी नमुन्यावरची ती बारीक ओळ एकदाही वाचली नव्हती. हात चालला तो एकोणीस वर्षं चालत होता तसाच. आता कोर्टाच्या दप्तरी असं नोंदलं गेलं होतं की भिंगबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलं, त्याच्या अंगावर दार आपटलं, पोरीला उपाशी ठेवलं, आणि ती बापाकडे गेलेली त्यांना पूर्ण मान्य आहे. अमान्य फक्त तीनच गोष्टी: आपलं लग्न झालं, आपल्याला मुलगी आहे आणि आपण ह्या पत्त्यावर राहतो. आणि हे सगळं शांतपणे, पूर्ण विचार करून.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," भाऊ म्हणाला.

"तू गप्प बस!" बाई म्हणाल्या. नवऱ्यावर चिडायची त्यांना सवय होती. स्वतःवर कसं चिडायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या खिडकीवर उभ्या. "तो कागद परत द्या, दुसरा भरून देते."

"दाखल झालेला कागद परत मिळत नाही," कारकून म्हणाला.

"पण तो उलटा भरलाय."

"उलटा असो की सुलटा, दाखल झालाय. दुरुस्तीचा अर्ज लिहा. तीन प्रती. सोबत नवा नमुना. कारण लिहा."

बाईंनी तिथल्याच बाकावर बसून कारण लिहिलं: सवय. कारकुनाने कागद परत केला. "सवय हे कारण चालत नाही."

"पण तेच कारण आहे!" बाईंनी त्याला कप, पट्टा, पेन्सिल सगळं समजावून सांगितलं. मागे रांगेतले लोक चुळबुळत होते. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता. मग म्हणाला, "बाई, साहेब लोकांना एवढा वेळ नसतो. 'नजरचूक' लिहा. सगळे तेच लिहितात."

नजरचूक! भिंगबाईंनी? कारखान्यात हा शब्द दुसऱ्यांच्या नावापुढे लागायचा आणि लावणाऱ्या बहुतेक ह्याच असायच्या. माझी नजर चुकली नाही हो, हात चुकला, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एकविसावं कलम त्यांच्या खुणेसकट आत पडलेलं होतं. त्यांनी तीन प्रतींवर तीनदा नजरचूक लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना तर अक्षरही वाकडं आलं.

नव्या नमुन्यावर भाऊ शेजारी बसून देखरेख करत होता. "पहिल्या तीनवर खूण. बाकी सगळं कोरं सोड. विषय संपला."

बाईंनी पहिल्या तीनवर खुणा केल्या. मग पेन नवव्या कलमापाशी थांबलं. पहिल्या वेळी रागाच्या भरात त्यावरही खूण करून त्या सरळ पुढे गेल्या होत्या. नववं असं होतं: पत्नी पतीच्या प्रत्येक गोष्टीत दोष काढते. चालण्यात, जेवण्यात, हसण्यात. घरात पाऊल टाकताच तपासणी सुरू होते.

"कोरं सोड," भाऊ म्हणाला.

"खरं आहे ते."

"खरं असलं म्हणून काय झालं? त्यांनी एकोणीस खोट्या गोष्टी लिहिल्यात, तू एक खरी लपव. अगं, हेच धरून पोरगी नेतील!"

बाईंना ते कळत होतं. पण नवऱ्याच्या हसण्यात दोष काढल्याचं त्यांना चांगलं आठवत होतं. तुमचं हसणं दारात सुरू न होणाऱ्या गाडीसारखं आहे, असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि त्यानंतर तो त्यांच्यासमोर फारसा हसला नव्हता. हे असं का लिहावं ह्या माणसाने? वीसच्या वीस खोटं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं? एक खरं मध्येच घालून त्याने सगळा माल नासवून ठेवला होता. बाईंनी चरफडत नवव्यावर खूण केली. भावाने कपाळाला हात लावला.

तारखेच्या दिवशी मुलीलाही घेऊन या, असा कोर्टाचा निरोप होता. न्यायाधीशबाई वयाने भिंगबाईंएवढ्याच, चष्मा नाकावर घसरलेला. नवऱ्याचा वकील उभा राहून दोन्ही उत्तरं फडकवत म्हणाला, पहिल्या उत्तरात ह्यांनी सगळं कबूल केलं आहे, ही पश्चातबुद्धी आहे.

"पहिल्या उत्तरात त्यांना मुलगी असल्याचंही अमान्य आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आणि मुलगी तर इथे समोर बसलीय." त्यांनी दुरुस्ती मंजूर केली. मग नवा नमुना वरून खाली वाचत त्या मध्येच थांबल्या. "बाई, नऊ मान्य आहे? की ही पण नजरचूक?"

"नाही मॅडम. ते मान्य आहे."

वकील टुणकन उठला. बघा, स्वतःच्या तोंडाने सांगतायत, अशा स्वभावाच्या बाईकडे वाढत्या वयाची मुलगी, वगैरे वगैरे. नवरा मात्र वकिलाकडे बघत नव्हता. तो बायकोकडे बघत होता, जणू गेली बारा वर्षं तो हेच ऐकायला थांबला होता आणि ऐकायला मिळालं ते असं, कोर्टात.

न्यायाधीशबाईंनी मुलीला आतल्या खोलीत बोलावून घेतलं. एकटीलाच. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर बाई ह्या टोकाला, नवरा त्या टोकाला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. बाईंना पोरीचा सकाळपासूनचा दिवस आठवायला लागला. उठल्या उठल्या अंथरुणाची घडी वाकडी म्हणून बोलल्या होत्या. मग दप्तराचा बंद. मग रिक्षात, पाठ सरळ ठेवून बस. आत्ता आत जाताना शेवटचं काय बोललो आपण? "नाक पूस आधी." देवा, पोरगी आयुष्याचं सांगायला चालली होती आणि आपण म्हणालो नाक पूस! नववं कलम आत तिनेच वाचून दाखवलं तर तिचं काय चुकलं? बाईंना वाटलं, ही गेली हातची. ह्या वेळी खूण करायलाही कुणी लागणार नाही.

"मान्य केलंस तू," नवरा बाकाच्या त्या टोकावरून म्हणाला.

"हो."

"घरी कधी केलं नाहीस."

"तुम्ही घरी कलमं पाडून सांगितलंत कधी? नुसते बॅगा भरत होतात." बाई बाकावर वीतभर त्याच्याकडे सरकल्या. "हसण्याबद्दल बोलले ते चुकलं माझं," त्या घाईघाईने म्हणाल्या, कुणी हातातलं हिसकावून घेईल तशा.

त्याने फक्त मान हलवली.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली, मागोमाग सगळ्यांना आत बोलावणं आलं. घटस्फोटाचं पुढे चालेल, न्यायाधीशबाईंनी सांगितलं, पण तोवर आणि पुढेही मुलगी आईकडेच राहील, रविवार बापाचे. वकिलाने तोंड उघडलं, पण नवऱ्याने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

बाहेर जिना उतरताना बाईंनी धीर करून विचारलं, "काय विचारलं गं तुला आत?"

"आई सारखी ओरडते का, चुका काढते का."

"मग?"

"मी म्हटलं हो. रोज."

बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. "आणि तरी..."

"मग त्यांनी विचारलं, बाबा ओरडतात का? मी म्हटलं, बाबांना काही दिसतच नाही. मी दोन दिवस डबा खाल्ला नाही तरी त्यांना कळलं नव्हतं. तुला लगेच कळतं." मुलगी दोन पायऱ्या पुढे गेली होती. ती वळून म्हणाली, "पण आई, केसांवरून बोलत जाऊ नकोस. ते मला खरंच आवडत नाही."

"बरं," भिंगबाई म्हणाल्या. पोरीच्या डोक्यावर मागच्या बाजूला भांग चांगला बोटभर वाकडा गेला होता. त्यांना तो अगदी स्वच्छ दिसत होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले, आणि रस्ता येईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. एकोणीस वर्षांत इतकं अवघड काम त्यांनी दुसरं केलेलं नव्हतं.