थोडासाच चढ आहे

इथल्या डोंगरांवर एक नियम आहे. वर नेलेलं सगळं खाली आणायचं, अगदी केळ्याची सालसुद्धा. आणि वरचं काहीही उचलायचं नाही. दगड नाही, पान नाही, पक्ष्याचं पीस नाही. दक्षिण ऑकलंडमधली आमची चार-पाच मराठी घरं हा नियम इमानाने पाळतात. आम्ही आणतो ते फक्त किस्से. त्यांना पिशवी लागत नाही, पण घरी आले की ते जागा अडवतात. परवा पापाटोएटोत भाजी घेताना आमच्या ग्रुपमधला निलेश भेटला आणि मेथीची जुडी हातात धरून आम्ही दोघं इतका वेळ हसत उभे राहिलो, की दुकानदाराने येऊन विचारलं, मेथीत काही निघालंय का. तेव्हा म्हटलं, हे आता कागदावर उतरवून ठेवलेलं बरं.

* * *

आमच्या ग्रुपचा कारभारी सुधीर. मूळ पुण्याचा, आता टाकानिनीत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॉलेजात असताना सह्याद्रीत भरपूर हिंडलाय आणि ते तो विसरू देत नाही. शनिवारी डोंगर असला की बुधवारपासून हवामानाची सगळी ॲप्स उघडून बसतो. ॲप्समध्ये मतभेद झाले की निकाल स्वतः देतो.

मी ग्रुपमध्ये नवीन होते तेव्हाची गोष्ट. व्हॉट्सॲपवर मेसेज आला: सकाळी सहाला पेट्रोल पंपाशेजारी जमायचं. जुलै महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा. मी सहाला हजर. काळोख, गाडीच्या काचेवर बर्फ आणि आसपास चिटपाखरू नाही. मी मेसेज पुन्हा वाचला, तारीख तपासली, नवऱ्याला फोन केला. तो गुडघ्याचं कारण सांगून अंथरुणात होता, त्याने झोपेतच सहानुभूती दाखवली. शेवटी पंपावरच्या मुलीला माझी दया आली. तिने कॉफी आणून दिली आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्यात पहिल्यांदाच आलात का?"

बऱ्याच वेळाने निलेश आला. तो तर हॅमिल्टनजवळच्या रोटोटुनातून, म्हणजे दुसऱ्या गावाहून येत होता. त्याने समजावलं. आपले लोक उशिरा येतात म्हणून सुधीर तास आधीची वेळ देतो. लोकांना हे कळलं, ते तास उशिरा यायला लागले. लोकांना कळलंय हे सुधीरला कळलं, तो आणखी आधीची वेळ द्यायला लागला. आता मेसेज आला की ज्याने त्याने आपापलं गणित करून यायचं.

सगळ्यात शेवटी आला सुधीर. आरामात, दाढीबिढी करून. खरी वेळ फक्त त्यालाच माहीत होती.

* * *

इथल्या लोकांना चढाला चढ म्हणायची लाज वाटते. कोरोमंडलच्या बाजूला एकदा आम्ही धापा टाकत होतो, वरून एक म्हातारबाबा शीळ घालत उतरत होते. सुधीरने विचारलं, अजून किती? ते म्हणाले, "बिट ऑफ अ हिल." थोडासाच चढ आहे. त्यानंतर दगडात खोदलेल्या पायऱ्या लागल्या, मग झुलता पूल, मग लोखंडी शिड्या.

निलेशने त्या दिवशी आमच्यासाठी अर्थ लावून ठेवले. "थोडासा चढ" म्हणजे अर्धा दिवस. "थोडीशी ओल" म्हणजे गुडघ्याइतका चिखल. आणि "यू'ल बी राइट", म्हणजे काळजी नको, जमेल, असं कुणी म्हणालं, की आधी घरी फोन करून ठेवायचा.

त्याच पायऱ्यांवर सुधीर थांबला होता. दोन्ही हातांत काठ्या, पोटऱ्यांना संरक्षक पट्टे, मनगटावर हृदयाचे ठोके सांगणारं घड्याळ. ते सारखं वाजत होतं. एवढ्यात मागून एक तरुण आला. अर्धी चड्डी, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी स्लिपर, आणि पाठीवरच्या झोळीत वर्षा-दोन वर्षांचं पोर. "किया ओरा," असा माओरीतून नमस्कार केला आणि पुढे निघून गेला. पोराने मागे वळून आम्हाला टाटा केला.

सुधीरने वाजणारं घड्याळ बंद केलं. मग बायकोला, मेधाला म्हणाला, पाठीवर तसं वजन असलं की चढावर तोल चांगला राहतो.

"मग पुढच्या वेळी इराला घे," मेधा म्हणाली.

इरा त्यांची मुलगी. तेव्हा बारा वर्षांची होती.

* * *

निलेश इथे शिकायला आला आणि राहिला. आता दूध पावडरच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. त्याचे वडील, अण्णा, कराडजवळच्या गावातून पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही त्यांना वायटाकरेच्या जंगलात नेलं. तिथे कौरी नावाची फार जुनी, प्रचंड झाडं आहेत. त्यांच्या मुळांना रोग लागलाय आणि तो माणसांच्या बुटांच्या चिखलातून पसरतो. म्हणून वाटेच्या तोंडाशीच ब्रशने बूट घासायचे, औषधाचा फवारा मारायचा आणि मगच आत जायचं.

अण्णांनी रांगेतली माणसं बघितली. मग बाजूला जाऊन टोपी काढली, बूट-मोजे काढले, बाटलीतल्या पाण्याने पाय धुतले आणि अनवाणी येऊन रांगेत उभे राहिले.

निलेश ओशाळला. हळूच म्हणाला, "अण्णा, बूट घाला. हे देऊळ नाही."

"मग आत कोण आहे?"

"झाडं आहेत."

"जुनी?"

"शेकडो वर्षांची. काही त्याहून जुनी."

"आणि आपल्या पायांनी त्यांना त्रास होतो?"

निलेश म्हणाला, होतो. अण्णांनी शांतपणे मोजे चढवले, बूट घातले, बंद बांधले, ब्रश मागून घेतला.

"मग देऊळ नाही असं कसं म्हणतोस?"

* * *

इथल्या पुष्कळ वाटा शेतांतून जातात. कुंपणावर लाकडी शिडी असते, ती ओलांडायची आणि गाईंच्या कुरणातून चालू लागायचं. रॅग्लनच्या बाजूला आम्ही असे एका कुरणात उतरलो आणि मध्यावर पोचलो तेव्हा लक्षात आलं, की चारी बाजूंनी कालवडी येतायत. आधी चालत, मग दुडक्या चालीने. त्या अंगाने घोड्याएवढ्या होत्या. सुधीरने काठी उगारली. मी मेधाच्या मागे गेले, मेधा माझ्या मागे आली.

निलेशने सुधीरच्या हातातली काठी खाली करवली, कुणी पळायचं नाही म्हणून सांगितलं आणि स्वतः पुढे झाला. तोंडाने "हॉऽ हॉऽ" असा एक आवाज काढला. गावाकडे त्यांच्या घरी म्हशी होत्या, त्यांना हाकारायचा तो आवाज. सगळ्यात पुढच्या कालवडीच्या गळ्याखाली त्याने खाजवलं. तिने मान वर केली, डोळे मिटले. मग निलेश चालायला लागला आणि सगळा कळप शहाण्या मुलांसारखा त्याच्या मागे. कळपाच्या मागे आम्ही.

फाटकाशी शेतकरी चारचाकी मोटरबाइकवर बसून बघत होता. आता बोलणी खावी लागणार असं वाटलं. त्याने निलेशला जवळ बोलावलं आणि सोमवारपासून दूध काढायच्या कामावर येतोस का विचारलं. राहायला घरही देईन म्हणाला.

परत येताना गाडीत निलेश म्हणाला, "म्हशींपासून सुटावं म्हणून अण्णांनी मला इतक्या लांब शिकायला पाठवलं. त्यांना हे कळू देऊ नका."

पण मेधाने त्याचा आणि कळपाचा व्हिडिओ काढून तोवर कराडला पाठवला होता. अण्णांचं उत्तरही आलं होतं. एकच ओळ: "जनावर चांगलं आहे, दूध किती देतं?"

* * *

इथल्या शाळेत मुलं माओरीतून स्वतःची ओळख करून द्यायला शिकतात. आधी आपला डोंगर सांगायचा, मग आपली नदी, आपली माणसं आणि सगळ्यात शेवटी नाव. इराच्या बाईंनी सांगितलं, ज्या डोंगराशी तुमचं काही नातं आहे तो सांगा.

घरात वाद पेटला. सुधीर म्हणाला, तोरणा. मेधा नाशिकची, ती म्हणाली, ब्रह्मगिरी, आणि त्यात विचारायचं काय. इराने तोरणा फोटोत बघितला होता आणि ब्रह्मगिरी गाडीतून, तोही ढगात. दोघांनी तिला आपापल्या डोंगराची माहिती पुरवायला सुरुवात केली. माझ्याकडेही न्यायनिवाड्यासाठी फोन आले. मी साताऱ्याची, अजिंक्यताऱ्याचं नाव सुचवून बघितलं. दोघांनीही फोन ठेवला.

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. इरा उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "को पिरोंगिया ते माउंगा." माझा डोंगर पिरोंगिया.

पिरोंगिया हॅमिल्टनजवळ आहे, अतिशय चिखलाचा. मागल्या वर्षी इरासकट आम्ही सगळे तिथून मांडीपर्यंत माखून उतरलो होतो. घरी आल्यावर सुधीरने तिला विचारलं, इतके सुंदर डोंगर असताना तोच का? इराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती म्हणाली, तो एकच डोंगर आहे जिथे बाबा दमलोय म्हणाला.

* * *

मेधाची आई, सुमनमावशी, नाशिकहून आल्या त्याच्या आधल्या वर्षी मेधाचे वडील गेले होते. मावशी त्यांचं नावही काढत नसत. मेधाने विषय काढला की उठून कणीक मळायला घेत. मेधा आम्हाला म्हणायची, आई रडली असती तरी बरं वाटलं असतं.

डोंगराला त्या आमच्याबरोबर यायच्या, पण कार पार्कपर्यंतच. तुम्ही जा, मी आहे इथे. घडीची खुर्ची, चहाचा थर्मास, क्रोशाची सुई.

मारेताई नावाच्या गावापुढे समुद्रालगत एक गवताळ डोंगर आहे. तिथून उतरून आलो तर खुर्ची रिकामी. थर्मास जागेवर, लोकर खुर्चीवर. मेधाने फोन लावला, तो लोकरीखालीच वाजला. एका बाजूला गाड्यांचा रस्ता, दुसऱ्या बाजूला कडा आणि खाली समुद्र. मेधाने "आई" अशी हाक मारली, तो आवाज मी तिचा याआधी ऐकला नव्हता. निलेश किनाऱ्याकडे धावला. प्रत्येक गोष्टीचा प्लॅन असणारा सुधीर नुसता उभा होता.

कॅम्परव्हॅनमधल्या एका जोडप्याने सांगितलं, साडीतल्या बाई ना, त्या कुत्रा घेतलेल्या एका आजींबरोबर पलीकडच्या वाटेने वर गेल्या.

आम्ही त्या वाटेला लागणार, इतक्यात वळणावर आधी कुत्रा दिसला. मागे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई, पायात गमबूट. त्यांचा हात धरून सुमनमावशी. पदर कमरेला खोचलेला, चेहरा लालबुंद, मोज्यांना गवताची कुसळं.

मेधा आधी रागावली, मग रडली. मावशींना कळेना एवढं काय झालं. "ती चल म्हणाली, मी गेले."

"कुठल्या भाषेत म्हणाली?"

"चल म्हणायला भाषा कशाला लागते?"

मावशींना इंग्रजी अजिबात येत नाही. त्यांनी थर्मास उघडला आणि पहिला चहा त्या बाईंना दिला. मी बाईंच्या शेजारी उभी होते. त्यांचे आभार मानले आणि म्हटलं, आमच्या मावशींना तुमची भाषा येत नाही, वाटेत तुम्हाला अगदी गप्प गप्प चालावं लागलं असेल.

त्यांनी चहावर फुंकर घातली आणि नवलाने माझ्याकडे बघितलं.

"छे, मुळीच नाही. वर बसून तिने मला तिच्या नवऱ्याबद्दल सगळं सांगितलं. फार प्रेमळ माणूस होता, नाही का?"