बहिरा हात

मी शाळेत विज्ञान शिकवते. उतारे, नजर, अंगात येणं... या कशावरच माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. तरी लिहितेय, कारण हे माझ्याच हाताच्या बाबतीत घडलंय.

२००७ चा पावसाळा. गाव दवनीवाडा, गोंदियाजवळ. माझे मिस्टर आठ दिवसांच्या तापात गेले. मी रडले नाही... रडूच येईना. तेरवीनंतर एकदा चुलीवरून भाताचा गंज उतरवला. बोटांना फोड आले, पण दुखलं नाही. उजवा हात मनगटापासून पुढे जणू नव्हताच.

गोंदियाच्या डॉक्टरांनी टाचण्या टोचून पाहिल्या. "नंबनेस आहे, पण रिपोर्ट नॉर्मल," म्हणाले. सासूबाईंचा शब्द वेगळा होता.

"हात बहिरा झाला तुया, बाई."

रोज दुपारी त्या मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळायच्या. मला ते कोमट आहे हेही कळायचं नाही.

असे दोन महिने गेले. एका दुपारी चोळता चोळता त्या थांबल्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मले दे हा बहिरेपना. तुले पोरगी वाढवाची हाय. मले काय कराचं हाय आता हातानं?"

मी हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन वर्षांच्या लेकीला आंघोळ घालत होते — आणि पाणी गरम लागलं. मग तिचे ओले केस बोटांना लागले. मी तिथेच बसले आणि दोन महिन्यांचं रडू एकदम फुटलं. सासूबाई धावत आल्या, मला जवळ घेऊन थोपटत राहिल्या... डाव्या हातानं. ते तेव्हा लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी त्या गप्पा मारत विळीवर दोडके चिरत होत्या. उजव्या हाताच्या बोटातून रक्त गळत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"आई, काऊन नाही सांगितलं जी?"

"कायले सांगू? तू रडून राहिली होती. मनलं, रडू दे."

डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं. मुलगा तर त्यांचाही गेला होता, असंही कोणी म्हणेल. पण नेमका माझा हात जागा झाला त्याच दिवशी? सात वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तो हात तसाच राहिला. एकदा मी म्हटलं, "आई, आता परत द्या मले."

त्या हसल्या आणि हात पदराखाली घेतला.