पट्ट्या बांधलेली पंचकल्याणी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जनावरांचा सरकारी डॉक्टर मी होतो, पण रात्री दवाखाना चालवायचा तो धुडकू. हे आता लिहायला हरकत नाही. मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, की माझी बढती कोणी अडवू शकत नाही.

१९५८ साली मी साताऱ्याकडून नवाकोरा पदवीधर म्हणून तिकडे गेलो. घोडेबाजार भरे त्या यात्रेपुरता आमचा दवाखाना म्हणजे दोन तंबू, एक कंदील, औषधांची पेटी आणि रात्रपाळीचा ड्रेसर धुडकू. जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या, एवढंच कागदावर त्याचं काम. दिवसभर तो तंबूमागे घोरायचा आणि दिवेलागण झाली की टोपी झटकून उठायचा.

मी पुस्तकात शिकल्याप्रमाणे आधी मालकाला प्रश्न विचारी. विकायला आणलेल्या घोड्याबद्दल मालक खरं सांगेल, असं मानणारा त्या अख्ख्या मैदानात मी एकटाच होतो. धुडकू मालकाला काही विचारतच नसे. तो घोड्याच्या तोंडाला बांधायचा तोबरा हुंगे, लीद बघे आणि पोटाला कान लावून उभा राही.

एका रात्री ब्राह्मणपुरीचा भाईदास आपली घोडी घेऊन आला. घोडी पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरंशुभ्र. अशी घोडी शुभ मानतात, त्यामुळे तिची चर्चा बाजारभर होती. आता मात्र ती घामाने भिजली होती आणि सारखी पोटाकडे मान वळवत होती. काय खाल्लं, असं मी विचारलं. रोजचा कडबा, भाईदास म्हणाला.

धुडकूने तोबरा नाकाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरसाहेब, घोडी लबाड बोलत नही. तोबराले गूयना वास ई ऱ्हायना."

भाईदासने मान खाली घातली. गिऱ्हाइकासमोर घोडी गोलमटोल दिसावी म्हणून त्याने संध्याकाळी तिला पोटभर ज्वारी आणि गूळ चारला होता. हा त्या बाजारातला जुनाच रोग. मालकाच्या हौसेने होतो आणि घोड्याच्या पोटात दुखतो.

मी जवसाचं तेल आणि हिंग पाजलं. आता तिला चालवत ठेवायला हवं होतं. ती आडवी पडून लोळली असती, तर आतड्याला पीळ बसून मेली असती. पण भाईदास काही केल्या ऐकेना. उद्या शहाद्याकडचा उदेसिंग तिला बघायला येणार होता. रात्री तिला फिरवताना कोणी ओळखलं, तर दुखणाईत घोडी म्हणून बोभाटा होईल. त्यापेक्षा तिला नदीकाठी अंधारात बांधतो, असं म्हणून तो निघालाच. मी चिडून त्याला दोन शब्द सुनावले. त्यांचा उपयोग शून्य झाला.

धुडकूने पट्ट्यांची पेटी उघडली आणि घोडीचे चारही पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले. कपाळावरही पट्टी बांधली आणि अंगावर दवाखान्याची झूल टाकली. पंचकल्याणी पार नाहीशी झाली, उरली ती कुठल्यातरी लढाईतून परतलेली घोडी. भाईदासला हसू आवरेना.

मग धुडकू तिला घेऊन तंबूंमधून फिरू लागला. थंडी मी म्हणत होती. शेकोटीवरचे लोक विचारत, काय झालं बिचारीला? तो सांगे, तिलाच विचारा. घोडी चालताना हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवत होती. मध्यरात्रीनंतर पाहतो तो लगाम दुसऱ्याच एका धिप्पाड माणसाच्या हातात. धुडकू शेकोटीशी पाय चोळत बसला होता.

पहाटे घोडीने लीद टाकली. आयुष्यात मला लीद पाहून एवढा आनंद कधी झाला नव्हता. धुडकूने पट्ट्या सोडल्या, धुऊन दोरीवर वाळत घातल्या आणि झोपायला जाण्याऐवजी भाईदासच्या मागोमाग गेला. मीही गेलो.

उदेसिंग आला. तोच तो रात्रीचा धिप्पाड माणूस. त्याने रिवाजाप्रमाणे हातावर रुमाल टाकला आणि बोटांनी भाव ठरवायला हात पुढे केला. भाईदासने हात दिलाच नाही. तो रात्रभर आमच्या तंबूत जागा होता, रडलाही होता.

"काल मीच तिले जवारी आन् गूय चारा," तो म्हणाला. "रातभर पोट दुखनं तिन्हं. मन्ही चूक शे. तुले नको व्हई ते जाय."

तेवढ्यात घोडीने पुढे होऊन उदेसिंगच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. तो पोट धरून हसला.

"रातले तीन तास मीच फिराई हाई घोडी," तो म्हणाला. "पोट दुखी ऱ्हायंतं तरी बी सरळ चालनी. आते तू खरं बोलना. हात दे."

रुमालाखाली हात मिळाले. परतताना मी धुडकूला धरलं. यात्रेत हजार माणसं असताना त्याने लगाम नेमका उदेसिंगच्या हातात कसा दिला?

"मन्हा पाय दुखी ऱ्हायंतात, डॉक्टरसाहेब," असं म्हणून तो तंबूमागे गेला आणि घोरू लागला.